इरलं म्हणायचं होतं

जुलैचा पहिला आठवडा. रतनगडावरचा ढग दोन दिवस हललेला नाही. भंडारदरा धरणाच्या काठच्या शेंडी गावात, एका घराच्या पडवीत, अठ्ठावन्न वर्षांचा एक माणूस डाव्या हातानं खुंटीकडे बोट दाखवतो आहे. खाचरात भाताची आवणी लागली आहे, बायको निघायच्या घाईत आहे आणि ती भिजू नये म्हणून त्याला काहीतरी सांगायचं आहे.

"ते... ते घे. छत्री." तो थांबतो, जोरानं मान हलवतो. "नाही. टो... टोपली. नाही, नाही."

सून आतून छत्री आणते. मग टोपली आणते. तो कपाळावर हात मारून घेतो. "अवं, काय पाहिजे तुम्हाला?" बायको विचारते, जरा मोठ्यानं, कारण चार महिन्यांपूर्वी झटका आल्यापासून घरात सगळेच त्याच्याशी मोठ्यानं बोलू लागले आहेत. त्याला ऐकू नीट येतं. त्याला म्हणायचं होतं 'इरलं'.

हा माणूस मी कल्पिला आहे. पण पक्षाघातानंतर ज्या घरात बोलणं अडलं आहे, अशा कोणत्याही घरात गेलात तर हा प्रसंग तुम्हाला ओळखीचा वाटेल. वस्तू वेगळी असेल, एवढंच. या प्रकरणात मी याच माणसाला सोबत घेऊन चालणार आहे. त्याला आपण बाबा म्हणू. चाळीस वर्षं त्यांनी भात पिकवला. मे-जूनमध्ये झाडं काजव्यांनी लखलखतात तेव्हा पर्यटकांना अंधारातून वाट दाखवत नेलं, आणि त्या वाटेवर त्यांचं तोंड एक क्षण बंद नसायचं.

आधी त्यांच्या चुकीकडे नीट बघू या, कारण त्या चुकीतच पुष्कळ काही सापडतं. बाबा 'छत्री' म्हणाले. छत्री पावसाची, इरलंही पावसाचं. मग 'टोपली' म्हणाले. टोपली बांबूच्या कामट्यांची, इरलंही कामट्यांचंच, वर पानांचं किंवा आता प्लॅस्टिकचं आच्छादन. म्हणजे ती वस्तू कशासाठी असते, कशाची बनते, हे सगळं त्यांच्या डोक्यात शाबूत आहे. हात योग्य घरापाशी गेला, पण शेजारचं दार उघडलं. शिवाय तोंडून निघालेला शब्द चुकला हेही त्यांचं त्यांनाच लगेच कळलं. ज्याची बुद्धी गेली आहे त्याला हे कळलं नसतं.

या अवस्थेला मराठीत वाचाघात म्हणतात. हा शब्द थोडा फसवा आहे, कारण त्यावरून घाव फक्त बोलण्यावर पडला आहे असं वाटतं. प्रत्यक्षात घाव भाषेवर पडतो, म्हणजे बोलणं, समजणं, वाचणं, लिहिणं या चारही गोष्टींवर कमीअधिक. पक्षाघात झालेल्यांपैकी ढोबळमानानं तीनांतल्या एकाला सुरुवातीला वाचाघात असतो. जीभ आणि ओठ लुळे पडल्यामुळे उच्चार अस्पष्ट होणं ही निराळी गोष्ट. तिथे शब्द मनात तयार असतो, बाहेर पडताना घसरतो. वाचाघातात जीभ अगदी ठीक असू शकते, तिच्यापर्यंत पोचवायचा शब्दच हाती लागत नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसात एकत्रही असतात, आणि म्हणून घरच्यांचा गोंधळ वाढतो.

हे कसं घडतं ते भंडारदऱ्याच्या माणसाला समजावणं सोपं आहे. १९१० मध्ये काम सुरू होऊन १९२६ मध्ये पुरं झालेलं हे धरण रतनगडाच्या परिसरात उगम पावणाऱ्या प्रवरेचं सुमारे ११ टीएमसी पाणी अडवतं. आवर्तन सुटलं की ते पाणी खाली जातं आणि पाटापाटानं शिवारं भिजवतं. पाटाच्या तोंडाशी दरड कोसळली तर धरण भरलेलं असूनही खालची शेतं सुकतात. मेंदूच्या डाव्या बाजूला एक मोठी रक्तवाहिनी आहे. बहुतेक माणसांची भाषेची शेती तिच्याच पाण्यावर पिकते. तिच्यात रक्ताची गुठळी अडकली की खालच्या पेशी उपाशी पडतात. शरीराच्या उजव्या बाजूची हालचालही मेंदूच्या डाव्या बाजूकडेच असते, त्यामुळे उजवा हात-पाय आणि भाषा पुष्कळदा एकदमच जातात. बाबांनी डाव्या हातानं बोट दाखवलं ते त्यामुळे.

मोठी रक्तवाहिनी तुंबली तर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही रक्तस्राव नाही हे सीटी स्कॅनवर पाहून झाल्यावर. आता शेंडीहून नाशिक सुमारे ७० किलोमीटर. दुसरी वाट राजूर, अकोले ओलांडून संगमनेरची. पावसाळ्यात घाटघरच्या बाजूला धुकं उतरलं की हाताचं बोट दिसत नाही. त्या साडेचार तासांतला पहिला तास 'वारं गेलंय अंगावरून, तेल चोळा' यात जातो, दुसरा गाडी शोधण्यात. तोंड वाकडं होणं, एक हात खाली पडणं, बोलणं अडखळणं किंवा भलतंच येणं, यांतलं एक जरी अचानक दिसलं तरी १०८ ला फोन लावायचा आणि लक्षण किती वाजता सुरू झालं ते लिहून ठेवायचं. एवढं एक पान प्रत्येक घराच्या भिंतीवर असावं असं मला मनापासून वाटतं.

पक्षाघात हा शहरातल्या बसून काम करणाऱ्यांचा आजार, असा समज अजून आहे. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेच्या डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांतल्या मृत्यूंची दोन वर्षं नोंद ठेवली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १,५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे १४.३ टक्के मृत्यू पक्षाघातानं झाले होते. मृत्यूच्या कारणांत तोच पहिला होता. भात पिकवणारी, रानात राबणारी माणसंच होती ती. अकोले तालुक्याच्या, म्हणजे शेंडीकडच्या, पश्चिम पट्ट्यातलं जगणंही त्याच जातीचं आहे. जी माणसं अशा झटक्यातून वाचतात, त्यांतल्या कितीतरी जणांच्या वाट्याला न बोलता येण्याची वर्षं येतात, आणि ती वर्षं कोणत्याच नोंदवहीत येत नाहीत.

मेंदूत भाषेची जागा कुठे आहे, हे जगाला पहिल्यांदा उमगलं ते अशाच एका माणसामुळे. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लेबोर्ञ नावाचा रुग्ण एकवीस वर्षं राहत होता. त्याला काहीही विचारलं तरी तो एकच अक्षर दोनदा म्हणायचा, 'तान, तान'. रुग्णालयात त्याचं नावच तान पडलं. समोरच्याचं बोलणं त्याला बरंच कळत असे, हातवारे करून तो उत्तर देई, आणि समजून घेतलं गेलं नाही की संतापून एखादी शिवी मात्र स्पष्ट हासडे. एप्रिल १८६१ मध्ये तो वारला. पॉल ब्रोका या शल्यविशारदानं त्याचा मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूला, कपाळामागच्या भागात, इजा दिसली. ती जागा आज ब्रोकाच्या नावानं ओळखली जाते. लेबोर्ञ कुठला, कोणाचा, याचा शोध मात्र दीडशे वर्षं कोणी घेतला नव्हता. २०१३ मध्ये चेझारी दोमान्स्की या पोलिश संशोधकानं तो घेतला. लेबोर्ञचं बालपण ज्या गावात गेलं तिथे कातडी कमावण्यासाठी झाडाची साल दळणाऱ्या गिरण्या होत्या, आणि त्या सालीच्या भुकटीला फ्रेंचमध्ये 'तान' म्हणतात. सगळे शब्द गेल्यावर मागे राहिलेला तो एक शब्द कदाचित लहानपणीच्या गावातून आला असेल, असं दोमान्स्कीनं सुचवलं आहे. सिद्ध करता येणारी ही गोष्ट नव्हे. पण ती वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही.

ब्रोकाच्या भागाला इजा झालेला माणूस थांबत थांबत, नामांवर पाय ठेवत बोलतो. "पाऊस... खाचर... उद्या... बैल." ओढ्यातल्या दगडांवरून उड्या मारत पलीकडे जावं तसं. याच्या अगदी उलट प्रकार कार्ल वेर्निके या तरुण जर्मन डॉक्टरनं १८७४ मध्ये वर्णन केला. इजा कानाच्या बाजूला, थोडी मागे असते, आणि माणूस धडाधड बोलतो. चाल, हेल, चढउतार अगदी मराठीचे, पण शब्द एकमेकांशी न जुळणारे, कधी तर कुठल्याच भाषेत नसलेले. त्याला समोरच्याचं बोलणं नीट कळत नाही आणि आपलं चुकतं आहे हेही पुष्कळदा उमगत नाही. घरच्यांना हा प्रकार फार भिववतो. बाहेरची बाधा झाली, डोकं फिरलं, असं वाटून पहिली धाव भगताकडे जाते ती इथेच. त्या माणसांना मी दोष देत नाही. काल रात्री नीट बोलत जेवलेला माणूस सकाळी अनोळखी भाषेत बोलायला लागला, तर त्याचं कारण घरात कोणी कधी सांगितलेलंच नसतं. या दोहोंच्या मधले अनेक प्रकार आहेत. कुणाला फक्त नावं आठवत नाहीत, कुणाला समजतं सगळं पण ऐकलेलं वाक्य परत म्हणता येत नाही, कुणाचं बोलणं आणि समजणं दोन्ही जवळजवळ संपतं.

मराठी घरात या मोडतोडीला आणखी एक पदर असतो. इंग्रजी बोलणाऱ्या ब्रोका रुग्णाच्या क्रियापदांची शेपटं गळून पडतात, उरतं ते नुसतं मूळ. आपल्याकडे ते जमत नाही. 'जा' एवढंच म्हटलं तर ती आज्ञा होते. मराठी क्रियापद लिंग, वचन, पुरुष असं काही ना काही अंगावर घेऊनच उभं राहतं. अशा भाषांमध्ये प्रत्यय गळण्याऐवजी चुकीचा लागतो, हे हिब्रू, इटालियन अशा भाषांच्या अभ्यासातून दिसलं आहे. म्हणून आयुष्यभर 'मी गेलो' म्हणणारा पुरुष एखाद्या दिवशी 'मी गेली' म्हणतो, आणि पोरं हसतात. हसू येणं स्वाभाविक आहे. पण त्या हसण्यानंतर तो माणूस दोन दिवस तोंड उघडत नाही, हे त्या पोरांना कोणीतरी सांगायला हवं.

आता पुन्हा पडवीत येऊ.

झटक्यानंतर पहिले तीन महिने सुधारणा वेगानं होते. सूज उतरते, अर्धवट उपाशी राहिलेल्या पेशी सावरतात, शेजारचे भाग काम वाटून घेऊ लागतात. मग वेग मंदावतो आणि 'आता जेवढं आलं तेवढं आलं' असं सांगणारे भेटतात. ते खरं नाही. २०१७ मध्ये जर्मनीतला एक मोठा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात झटक्याला सहा महिन्यांहून जास्त काळ लोटलेल्या लोकांना आठवड्याला किमान दहा तास याप्रमाणे तीन आठवडे भाषेचे उपचार दिले, आणि त्यांचं रोजचं बोलणं सुधारलं. वर्षांनंतरही दार बंद झालेलं नसतं. अडचण आहे ती आठवड्याच्या दहा तासांची. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, नायर रुग्णालयात वाचा-उपचारांचा जुना विभाग आहे, पुण्यात भारती विद्यापीठात या विषयाचं महाविद्यालय आहे. शेंडीच्याच जिल्ह्यात लोणीला प्रवरेचं मोठं रुग्णालय आहे. धरणाच्या पाण्यासारखंच झालं आहे हे, सगळं खालच्या अंगाला. शेंडीच्या किंवा रतनवाडीच्या माणसानं एका तासाच्या उपचारासाठी मजुरीचा दिवस मोडून, लुळ्या पायाच्या माणसाला एसटीत चढवून, आठवड्यातून चारदा जायचं हे होणार नाही. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा तज्ज्ञाकडे जाणं आणि मधला सराव घरी करणं, एवढंच हाताशी राहतं.

मग घरच्यांनीच सगळं करावं का? इथे एक कडू गोष्ट सांगायलाच हवी. भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० पक्षाघात रुग्णांवर 'अटेंड' नावाची एक चाचणी झाली. घरच्या माणसाला शिकवून त्याच्याकडून घरीच पुनर्वसनाचे व्यायाम करून घेतले, तर रुग्णाचं परावलंबन कमी होतं का, हे त्यात पाहिलं. २०१७ मध्ये निष्कर्ष आला. सहा महिन्यांनंतर नेहमीच्या उपचारांपेक्षा काहीही फरक दिसला नाही. ती चाचणी मुख्यतः हालचालींबद्दल होती, भाषेबद्दल नव्हे. तरीही तिच्याकडे दुर्लक्ष करून 'घरच्यांचं प्रेम पुरेसं आहे' असं मी लिहिणार नाही. आधीच दमलेल्या सुनेवर तज्ज्ञाचं काम टाकणं हा व्यवस्थेनं स्वतःची सुटका करून घेण्याचा मार्ग होऊ नये. राजूरच्या ग्रामीण रुग्णालयात ठरलेल्या वारी वाचा-उपचारतज्ज्ञ यावा, ही मागणी करण्यासारखीच आहे.

मात्र एक काम असं आहे की ते तज्ज्ञापेक्षा घरचेच चांगलं करू शकतात. ते म्हणजे शब्द निवडणं.

वाचाघात तपासायला जगभर वापरल्या जाणाऱ्या एका प्रसिद्ध चित्रात एक स्वयंपाकघर आहे. मुलगा स्टुलावर चढून बरणीतली बिस्किटं चोरतो आहे, आईच्या समोर सिंकमधलं पाणी ओसंडून वाहतं आहे. नावं विचारण्याच्या दुसऱ्या एका जुन्या अमेरिकी चाचणीत बर्फाचं घर आणि बीव्हर हा प्राणी आहे. आपल्याकडचे तज्ज्ञ त्यांची रूपांतरं वापरतात, पण बाजारात मिळणाऱ्या सरावाच्या चित्रकार्डांवर आजही सफरचंद, विमान, पियानो सापडतात. बाबांनी तीन महिने झटून 'पियानो' म्हणायला शिकलं तरी ते त्यांना कधी लागणार? २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत रुग्णांना त्यांच्या स्वतःच्या गरजेचे शब्द निवडून संगणकावर सराव दिला. निवडलेले शब्द चांगले परत आले. पण एकूण संभाषण सुधारलं नाही. जे पेराल तेच उगवतं, शेजारचं आपोआप उगवत नाही. तेव्हा पेरायचं काय, याला फार महत्त्व आहे.

बाबांच्या घरच्यांनी संध्याकाळी चुलीपाशी बसून यादी केली तर ती अशी होईल. आधी माणसांची नावं, बायकोचं, मुलाचं, नातीचं, दोन्ही भावांचं. मग दुखतंय, लघवीला, पाणी, पुरे, नको. मग भात, नागली, वरई, खाचर, राब, इरलं, घोंगडी, डांगी गाय, गोठा, हिरडा, काजवे, धरण, सांडवा, शेंडी, रतनवाडी, राजूरचा बाजार. यांतले चाळीस शब्द निवडायचे. मोबाइलवर आपल्याच घरातल्या वस्तूंचे फोटो काढायचे. पुस्तकातली गाय नको, गोठ्यातली गाय हवी.

आणि शब्द सांगून टाकायचा नाही. तो त्यांना सापडू द्यायचा. उपचारतज्ज्ञ जी पद्धत वापरतात ती इरल्याला लावून बघू. नात फोटो दाखवते. "आजोबा, हे कधी वापरायचं?" "पा... पाऊस." "कुठं घालायचं?" ते डोक्यावरून पाठीपर्यंत हात फिरवतात. "कशाचं असतं?" "बांबू. पान." "कोण घालतं?" "आवणी... बाया." आता त्या शब्दाच्या चारी अंगांनी वाटा तयार झाल्या, आणि एखाद्या वाटेनं तो येण्याची शक्यता वाढली. नाही आला तर पहिला आवाज द्यायचा, "इ..." तरी नाही आला तर दोघांनी मिळून म्हणायचा, तीनदा, आणि पुढच्या फोटोकडे जायचं. शाळेत परीक्षा घेतल्यासारखं 'सांगा, सांगा, हे काय?' असं धरून ठेवायचं नाही. दमलेल्या मेंदूतून शब्द येत नाही. सकाळची वेळ बरी, वीस मिनिटं पुरेत, आणि तेव्हा टीव्ही बंद.

भजनाबद्दल मला नेहमी विचारतात. बोलू न शकणारे आजोबा आरती सुरू झाली की अख्खी आरती शब्दांसकट म्हणतात, हा चमत्कार पुष्कळ घरांनी पाहिलेला आहे. स्वीडनच्या ओलोफ दालिननं १७४५ मध्येच अशा एका माणसाची नोंद केली होती. उजवं अंग लुळं, बोलणं बंद, पण आधी पाठ असलेली स्तोत्रं तो स्पष्ट गाई. पाठ असलेलं गाणं, मोजणी, वारांची नावं, देवाचं नाव, शिव्या हे सगळं मेंदूत वेगळ्या पद्धतीनं साठलेलं असतं. ते प्रत्येक वेळी शब्द शोधून जुळवावं लागत नाही, अख्ख्या माळेसारखं बाहेर येतं. लेबोर्ञची शिवी आणि आजोबांचा हरिपाठ एकाच वाटेनं येतात. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी याच आधारावर रोजची छोटी वाक्यं हेल काढून, हातानं ठेका धरून म्हणवून घेण्याची उपचारपद्धत मांडली. पुढे २०११ मध्ये जर्मनीतल्या एका अभ्यासात दिसलं की सुरापेक्षा ठेक्याचा आणि पाठ असण्याचा वाटा मोठा आहे. तेव्हा हरिपाठ जरूर म्हणावा. त्यातून श्वास येतो, आवाज येतो, आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे चार माणसांत बसून आपणही त्यांच्यातलेच आहोत हे त्या माणसाला जाणवतं. पण अभंग आला म्हणजे 'मला चहा नको' हे वाक्य आपोआप येईल अशी आशा धरू नये. त्यासाठी तेच वाक्य, टाळ्यांच्या ठेक्यावर, शंभरदा घोटावं लागतं. ज्या पट्ट्यात टाळ वाजवत वाढलेली माणसं आहेत, तिथे ठेका कोणाला शिकवावा लागणार नाही.

इतकं बाबांबद्दल झालं. पण संभाषण दोघांचं असतं, आणि दुसऱ्याचा मेंदू धडधाकट आहे. टोरंटोत ऑरा केगन यांनी याच विचारावर काम उभं केलं. रुग्णाला शिकवता तसं त्याच्याशी बोलणाऱ्यालाही शिकवा, असं त्या सांगतात. त्यांच्या पद्धतीचं मूळ एका वाक्यात आहे, आणि ते वाक्य रुग्णाला उघडपणे म्हणून दाखवायचं असतं. आपल्या घरात ते असं होईल, "मामा, तुम्हाला सगळं माहीत आहे, मला ठाऊक आहे. शब्दच येत नाही." सुनेनं हे एकदा म्हणून पाहावं. चार महिने 'याला काही कळत नाही' अशा नजरा झेलणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर काय होतं ते तिचं तिलाच दिसेल.

त्यानंतरच्या गोष्टी साध्या आहेत. एका वेळी एकच विचारायचं. 'चहा घेणार की दूध, का आधी अंघोळ' असं नको. उत्तर हो-नाहीत मिळेल असं विचारायचं, आणि इथे फार सावध राहायचं, कारण वाचाघातात 'हो' आणि 'नाही' यांचीच अदलाबदल होते. तोंडानं 'हो' म्हणताना मान नकारार्थी हलते. म्हणून अंगठा वर, अंगठा खाली असं ठरवून घ्यायचं आणि महत्त्वाचं असेल तर उलटं विचारून पडताळायचं. पाटी-खडू जवळ ठेवायची. दोन शब्द लिहून समोर धरायचे, वाचता येत नसेल तर दोन चित्रं काढायची. पाहुण्यानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बायकोनं द्यायचं नाही. थांबायचं, मनातल्या मनात दहापर्यंत मोजत. आपल्याकडे बोलण्यातली शांतता फार वेळ सहन होत नाही, कोणीतरी ती लगेच भरून टाकतं. त्या दहा आकड्यांत पुष्कळदा शब्द येतो.

एक अवघड विषय राहिला, जमिनीचा. बोलता येत नाही, सही येत नाही, म्हणून घरचा कर्ता माणूस एका दिवसात अंगठ्यापुरता उरतो. कागद पुढे येतो, कोणीतरी अंगठा धरून टेकवतं, सातबाऱ्यावर फेरफार होतो. १९९५ च्या अपंगांसाठीच्या कायद्यात वाचाघाताला जागाच नव्हती. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात ती आली. त्यातल्या २१ प्रकारांत 'वाचा आणि भाषा दिव्यांगता' आहे, आणि तिच्या व्याख्येत वाचाघाताचा नावानिशी उल्लेख आहे. म्हणजे दुर्बलता कायमची ठरली तर प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मागता येतं. त्याच कायद्याचं कलम १३ दिव्यांग माणसाचा मालमत्तेवरचा आणि स्वतःच्या पैशाच्या व्यवहारावरचा हक्क मान्य करतं. बाबांना जमिनीबद्दल मत आहे. ते काढून घ्यायला अर्धा दिवस लागेल, चित्रं काढावी लागतील, उलटसुलट विचारावं लागेल. तो अर्धा दिवस त्यांना मिळालाच पाहिजे.

मनाचं काय होतं, तेही बघायला हवं. पक्षाघातानंतर जवळजवळ एकतृतीयांश माणसांना नैराश्य येतं, आणि ज्याला बोलताच येत नाही त्याचं नैराश्य कोणाला ऐकूही जात नाही. जेवण कमी होणं, भिंतीकडे तोंड करून पडणं, सकाळी उठायला नकार, याला हट्ट समजू नये. त्यावर औषध आहे. तसंच पाणी पिताना ठसका लागत असेल तर तेही डॉक्टरांना सांगावं, आणि रक्तदाबाची गोळी 'आता बरं वाटतंय' म्हणून बंद करू नये. दुसरा झटका पहिल्यानं वाचवलेले शब्दही नेतो.

स्वीडनचे कवी टोमास ट्रान्स्ट्रोमर यांना १९९० मध्ये झटका आला. उजवं अंग आणि बोलणं गेलं. पुढची दोन दशकं त्यांची पत्नी मोनिका त्यांच्या मोजक्या आवाजांचा आणि खुणांचा अर्थ लोकांना सांगत राहिली. ते डाव्या हातानं पियानो वाजवत राहिले. झटक्यानंतर त्यांचे दोन नवे कवितासंग्रह आले, आणि २०११ मध्ये त्यांना नोबेल पुरस्कार मिळाला. मला त्या पुरस्काराहून जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की त्यांच्या घरात त्यांना काही म्हणायचं आहे यावर कोणी शंका घेतली नाही.

ऑगस्टच्या शेवटी, धरण भरलं की, शेंडीत एकच बोलणं असतं. सांडव्यावरून पाणी सुटलं का, किती सुटलं, रंध्याला धबधबा कसा झाला आहे. बाबांचा धाकटा भाऊ भिजून पडवीत येतो आणि सवयीनं वहिनीकडे बघून सांगायला लागतो. ती हातातलं काम थांबवते आणि म्हणते, "त्यांना सांगा की." तो वळतो. बाबांसमोर बसतो, थोडा अवघडून. "दादा, धरण भरलं."

बाबा डावा हात वर नेतात, छातीपर्यंत, मग गळ्यापर्यंत, आणि भुवया उंचावतात.

"हां, तिथपर्यंत. काठोकाठ."

"सां..." बाबा म्हणतात. भाऊ तोंड उघडतो आणि बंद करतो. आत नात बोटांवर आकडे मोजते आहे, एक, दोन, तीन, चार. बाहेर पागोळ्या पडत राहतात. सात, आठ.

"सांडवा," बाबा म्हणतात. "सांडवा... सुटला?"

"आज सकाळीच सुटला."